पीएफला जादा सहा हजार आणि कार्डावर एक लाख चौऱ्याऐंशी हजार

२०२४ ची भाऊबीज रविवारी आली होती, ३ नोव्हेंबरला. ओवाळून झालं, दादाने ताटात पाकीट ठेवलं. मी स्वयंपाकघरात गेले तर वहिनी पुऱ्या तळता तळता हळूच म्हणाल्या, "ताई, त्या पाकिटातले दोन हजार कार्डावर काढलेत, एटीएममधून. मला कालच कळलं."

क्रेडिट कार्डावर रोख काढली की वेगळी फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून धावायला लागतं. ज्याच्याकडे दुसरा मार्ग असतो तो असे पैसे काढत नाही. म्हणून जेवणं झाल्यावर मी काकांना झोपायला पाठवलं आणि दादाला म्हटलं, पगाराची स्लिप आण, कार्डाचं स्टेटमेंट उघड. तो आधी हसला, मग चिडला आणि शेवटी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. पुढच्या वर्षभरात जे झालं ते त्याच्या परवानगीने लिहिते आहे. हिशेब कळावा म्हणून आकडे थोडे सरळ केलेत.

दादा माझा चुलतभाऊ, वय ४४. नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वीस वर्षं क्वालिटी विभागात आहे. सिडकोतलं घर काकांनी घेतलेलं, त्यामुळे भाडं नाही, घरकर्ज नाही. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. वहिनी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. महिन्याला सरासरी साडेसात हजार येतात, लग्नसराईत जास्त, आषाढात जवळपास काहीच नाही. मी लोकांची टॅक्स रिटर्न भरून देते. दादाचंही आठ वर्षं मीच भरते. म्हणजे हे मला आधी दिसायला हवं होतं, पण त्याबद्दल पुढे सांगते.

पगार ६४ हजार, बोनस वर्षभर वाटून त्यातच येतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३२ हजार, त्याचे १२ टक्के म्हणजे ३,८४० पीएफला. शिवाय स्वेच्छेचा जादा पीएफ, ज्याला कारखान्यात सगळे व्हीपीएफ म्हणतात, तो ६,०००. प्रोफेशन टॅक्स २००. कामगारांच्या पतपेढीचा कर्जहप्ता ६,५२५ आणि वर्गणी १,०००. हातात ४६,४३५. त्यातून बँकेच्या वैयक्तिक कर्जाचा ९,६२१ चा हप्ता गेला की उरतात ३६,८१४. वहिनींचे साडेसात हजार धरले तर ४४ हजार ३०० च्या आसपास.

घरखर्च, शाळेच्या फिया, काकांची औषधं, पेट्रोल, सगळं मिळून ३८ हजार. हा आकडा वहिनींच्या वहीतला आहे, दादाच्या अंदाजातला नाही. दादा "तीस" म्हणत होता. याशिवाय मुलीचं सुकन्या खातं १,५००, वहिनींची भिशी ३,०००, विम्याचा हप्ता वर्षाला २४ हजार म्हणजे महिन्याला २,०००, आणि दर मार्चला एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, ५० हजार, म्हणजे महिन्याला ४,१६७. बेरीज ४८ हजार ६६७.

महिन्याला ४,३५० कमी पडत होते आणि ते कार्ड भरून काढत होतं. मार्चमध्ये एनपीएसला ५० हजार गेले की पुढचे दोन-तीन महिने किराणा, पेट्रोल आणि शाळेची पहिली टर्म कार्डावर. दादाला हे कर्ज वाटतच नव्हतं. "मी दर महिन्याला भरतो की. एक तारीख चुकवली नाही आजपर्यंत."

तो भरत होता ती किमान रक्कम. थकबाकी १ लाख ८४ हजार, तिच्या ५ टक्के, ९,२०० रुपये. महिन्याचं व्याज साडेतीन टक्के, म्हणजे ६,४४०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी १,१५९. म्हणजे ९,२०० भरले की ७,६०० व्याजात आणि करात जाणार, मुद्दल सोळाशेने कमी होणार. पण ते ९,२०० भरल्यामुळे घरखर्चाला तेवढे कमी पडणार, मग पुन्हा कार्ड घासायचं. शिवाय मागची बाकी पूर्ण फेडलेली नसली की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. त्याच्या पेट्रोलवर पंपावरून निघतानाच व्याज सुरू होत होतं.

मी मोबाइलवरच उलटा हिशेब केला. जून २०२२ मध्ये काकांची बायपास झाली. कंपनीचा मेडिक्लेम दादा, वहिनी आणि मुलांपुरता. चार लाखांचं वैयक्तिक कर्ज साडेपंधरा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, ते तेव्हाचं. पतपेढीचा हप्ता चालू होताच. तेव्हापासून महिन्याचा ताळा जुळेना. २५ महिने दरमहा ४,३५० कार्डावर गेले असं धरलं तर दादाने प्रत्यक्ष वापरलेले पैसे होतात १ लाख ९ हजार. त्या दराने व्याज आणि जीएसटी चढवत नेलं की पंचविसाव्या महिन्याला आकडा येतो साधारण १ लाख ८४ हजार. स्टेटमेंटमधलाच. इतका तंतोतंत जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं. ७५ हजार रुपये नुसते व्याजाचे.

त्याच २५ महिन्यांत व्हीपीएफमध्ये गेले दीड लाख. एनपीएसमध्ये मार्च २०२३ आणि मार्च २०२४ मिळून एक लाख. वर १ लाख १० हजारांची मुदत ठेव बँकेत पडून होती, ७.१ टक्क्यांनी, "लेकीच्या इंजिनिअरिंगची". व्हीपीएफला व्याज ८.२५ टक्के. जीएसटी धरून वर्षाला पन्नास टक्क्यांच्या आसपास पडणारं कर्ज काढून तो सव्वाआठ टक्क्यांनी बचत करत होता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा दादा गप्प बसला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आपण पेन्शन उधारीवर घेतोय?"

काकांचे २,१४० रुपये

इतकं समोर दिसत असताना "व्हीपीएफ बंद कर" म्हणायला काय लागतं? मीही ते तिथल्या तिथे म्हटलं. दादाचा आवाज चढला. "सगळं बंद कर, व्हीपीएफ नाही. अण्णांकडे बघ."

अण्णा म्हणजे माझे काका, त्याचे वडील. ते अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, कारखाना पुढे बंदच पडला. त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची पेन्शन येते, महिन्याला २,१४०. त्यांच्या औषधांचा खर्च ३,८००. दर महिन्याला ते बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात आणि दादाच्या पुढ्यात ठेवतात, काही न बोलता. दादाने २०१९ मध्ये व्हीपीएफ सुरू केला त्यामागे कोणताही लेख किंवा सल्लागार नव्हता, ते पासबुक होतं.

त्याची भीती खोटी नाही. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण १५ हजार पगाराच्या मर्यादेपर्यंतच, म्हणजे १,२५०. उरलेले २,५९० त्याच्या पीएफमध्ये. पेन्शनचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना जुनी ६,५०० ची मर्यादा लागते. २००४ ते २०३८ अशी ३४ वर्षांची नोकरी, वीस वर्षांवर सेवा झाली म्हणून मिळणारी दोन वाढीव वर्षं, सगळं धरून आकडा येतो साडेसहा हजारांच्या आसपास. तोही आजच्या मर्यादा तशाच राहिल्या तर, आणि २०३८ च्या महागाईत. म्हणजे म्हातारपणी त्याला खरा आधार पीएफच्या गठ्ठ्याचाच असणार.

म्हणून ठरवलं की कापायचं काय आणि कापायचं नाही काय, हे नुसतं व्याजदर बघून ठरवायचं नाही. सक्तीच्या १२ टक्क्यांचा प्रश्नच नव्हता. तो बंद करता येत नाही, आणि येत असता तरी मालकाचा वाटा त्याच्याशी बांधलेला आहे, कोणी हात लावू नये. वाद होता तो व्हीपीएफ, एनपीएस आणि ठेव या तिघांचा.

एनपीएसचा वाद दोन मिनिटांत संपला, कारण चूक माझी होती. २०२२-२३ मध्ये त्याचा वर्षाचा पगार ७ लाख २० हजार. जुन्या करपद्धतीत प्रमाणित वजावट, प्रोफेशन टॅक्स आणि ८०सी कलमाखालच्या बचतीचे दीड लाख वजा केले की करपात्र उत्पन्न ५ लाख १७ हजार ५०० राहत होतं. एनपीएसचे ५० हजार टाकले की ते पाच लाखांच्या खाली येऊन कर शून्य, नाहीतर १६,६४० रुपये. तेव्हा "टाक" असं मीच सांगितलं होतं आणि तेव्हा ते बरोबरही होतं. पण २०२३-२४ पासून नवी करपद्धती आपोआप लागू होणारी पद्धत झाली आणि तिच्यात करपात्र उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल तर रिबेट, म्हणजे पूर्ण करमाफी, मिळू लागली. त्या वर्षीचा त्याचा पगार ७ लाख ४४ हजार, प्रमाणित वजावट ५० हजार, कर आपोआप शून्य. २०२४-२५ मध्ये ७ लाख ६८ हजारांतून ७५ हजार वजा, तरी शून्यच. एनपीएसच्या त्या ५० हजारांची, म्हणजे ८०सीसीडी(१बी) ची वजावट नव्या पद्धतीत मिळतच नाही. मार्च २०२४ चे ५० हजार त्याने "टॅक्ससाठी" टाकले आणि टॅक्स नव्हताच. जुलैमध्ये रिटर्न भरताना मी तो आकडा पाहिला, रकाना रिकामा सोडला आणि पुढची फाइल उघडली. दादाला फोन करायला हवा होता. केला नाही.

एनपीएसचं पहिल्या श्रेणीचं खातं चालू राहायला वर्षाला हजार रुपये पुरतात. ठरलं, मार्चला हजारच.

कशाने फेडायचं

कार्ड आधी संपवायचं यावर दुमत नव्हतं. पैसे कुठून आणायचे यावर मात्र तास गेला.

वहिनी उठून आत गेल्या आणि पाटल्यांची डबी घेऊन आल्या. सोनेतारण कर्ज कार्डाच्या दराच्या पाव दरात मिळतं, लगेच मिळतं, हिशेबाने त्यात वावगं काही नाही. दादा म्हणाला, "ती डबी आत ठेव." एवढंच. काही घरांत सोनं तारण ठेवणं ही साधी गोष्ट असते, दर पेरणीला होते. या घरात नव्हती, आणि दुसरा मार्ग असताना मी आग्रह धरला नाही.

पतपेढीचा विचार केला. पतपेढीचा दर ११ टक्के. तिथे मोठं कर्ज काढून बँकेचं साडेपंधराचं कर्ज फेडून टाकावं, असं कागदावर छान दिसतं. बँकेची बाकी २ लाख ५१ हजार, ३२ हप्ते राहिलेले. पण मुदतीआधी फेडलं की बँक ३ टक्के आणि त्यावर जीएसटी घेणार, जवळपास ८,९००. तो खर्च धरून ११ टक्क्यांनी ३२ महिन्यांचा हिशेब मांडला तर सगळा मिळून फायदा सात हजारांचा. त्यासाठी नवे दोन जामीनदार. आधीच्या कर्जाला जे दोघे जामीन आहेत त्यांतला एक पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. सात हजारांसाठी दादाने लाइनवर कोणाच्या तरी पुढे सही मागत उभं राहायचं? सोडून दिलं.

पीएफमधून उचल घ्यायला दादा स्वतःच तयार नव्हता, मीही नव्हते.

उरली ठेव आणि विम्याची पॉलिसी. ठेव मोडायला दादाचा जीव होईना. "इंजिनिअरिंगची आहे ती." मी म्हटलं, ती ठेव महिन्याला साडेसहाशे रुपये कमावते आणि कार्ड महिन्याला सात हजार सहाशे खातं, तर इंजिनिअरिंगचे पैसे आत्ता नक्की कोण खातंय? मुदतीआधी मोडल्याचा एक टक्का दंड जाईल, जाऊ दे. तो तयार झाला तर वहिनी आडव्या आल्या, आणि त्यांचं म्हणणं माझ्या हिशेबापेक्षा सरस ठरलं.

मी म्हणत होते, सगळे १ लाख १० हजार कार्डात टाका. दर बघितला तर तेच बरोबर. वहिनी म्हणाल्या, "आणि मग काकांना काही झालं तर? परत कार्डच ना?" त्यांना ४० हजार खात्यात हवे होते, हात न लावता. त्या ४० हजारांवर साडेतीन टक्के मिळणार आणि तेवढंच देणं दुसरीकडे, पॉलिसीवरच्या कर्जात, साडेनऊ टक्क्यांनी राहणार, म्हणजे वर्षाला दोन-अडीच हजारांचा तोटा. पण कार्ड तयार झालं होतं मुळात गंगाजळी नव्हती म्हणून. मी मान्य केलं. ७० हजार कार्डाला, ४० हजार खात्यात.

बाकीचे १ लाख १५ हजार पॉलिसीवरच्या कर्जातून. पॉलिसी २००९ ची, पंधरा हप्ते भरलेली, सरेंडर किंमत, म्हणजे मधेच सोडली तर मिळणारी रक्कम, पुरेशी होती. दर साडेनऊ टक्के. शाखेत मूळ बाँड जमा करायचा, फॉर्म, रद्द केलेला चेक, आठवड्याभरात पैसे खात्यात. या कर्जाचा गुण आणि दोष एकच, त्याला मासिक हप्ता नसतो. सहामाही व्याज तेवढं भरायचं. न भरलं तर ते मुद्दलात मिळतं, आणि बरीच माणसं मुद्दल तर सोडाच, व्याजही भरत नाहीत. पॉलिसी संपते तेव्हा हातात येणारा चेक बघून मग धक्का बसतो. माझ्याकडे रिटर्नला येणाऱ्या दोघांचं असं झालंय. म्हणून मी अट घातली, हप्ता आपणच ठरवायचा आणि वहिनींच्या वहीत लिहायचा.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कार्ड शून्यावर आलं. डिसेंबरात दादाचा फोन, रात्री साडेदहाला. "अगं, सगळं फेडलं तरी बिल आलंय! दोन हजार सातशे अठ्ठेचाळीस! हे लोक..." पुढचं लिहीत नाही. हे फसवणुकीचं बिल नव्हतं. स्टेटमेंटची तारीख आणि त्याने पैसे भरले तो दिवस यांत अकरा दिवस गेले होते. १ लाख ८४ हजारांवर दिवसाचे २१२ रुपये व्याज, जीएसटीसह अडीचशे, अकरा दिवसांचे तेवढेच. बाकी पूर्ण फेडणाऱ्याने पुढचं एक बिल येणार हे धरूनच चालावं. ते न बघता राहिलं तर तेवढ्याशा रकमेवर उशिराचा दंड बसतो आणि कार्ड "फेडलेलं" असूनही सिबिलला डाग लागतो.

एप्रिलपर्यंत

कारखान्याच्या वेतन विभागाने सांगितलं, व्हीपीएफ वर्षाच्या मध्ये बंद होत नाही, अर्ज मार्चमध्ये द्या, एप्रिलपासून लागू. त्यांच्या नियमात तसंच होतं. त्यामुळे पाच महिने सहा हजार जातच राहिले आणि घर अक्षरशः काठावर चाललं. एनपीएसचे ४,१६७ बाजूला काढणं थांबल्यामुळे महिन्याची तूट दोनशेच्या आत आली होती, ती वहिनींच्या लग्नसराईने भरली. जानेवारीत भिशी लागली, बारा जणींची, ३६ हजार. ती वहिनींची, त्यांनीच ठरवलं: २५ हजार पॉलिसीच्या कर्जाला, बाकी मशीनची मोटर आणि मुलांचे बूट.

त्याच महिन्यात काकांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देणारी ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली होती, आमच्या भाऊबिजेच्या पाच दिवस आधी. काका ७३ चे. यादीतलं प्रत्येक रुग्णालय घराजवळ नाही, हे खरं. पण २०२२ मध्ये चार लाखांचं कर्ज ज्या कारणाने झालं, त्या कारणापुढे निदान एक बांध पडला. हे कर्जफेडीच्या हिशेबात कुठे लिहिता येत नाही, तरी मी ते पहिल्या तीन कामांत धरते.

मार्चमध्ये व्हीपीएफ बंद करायचा अर्ज द्यायच्या आदल्या रात्री दादाने पुन्हा विचारलं, "नक्की किती नुकसान?" प्रश्न योग्य होता, म्हणून पूर्ण हिशेब करून दिला. एप्रिल २०२५ ते जून २०२७, बँकेचं कर्ज संपेपर्यंत, २७ महिने सहा हजार न टाकल्याने १ लाख ६२ हजार कमी जातील. दर ८.२५ च राहिला तर ५८ व्या वर्षी हे भोक सव्वाचार ते साडेचार लाखांचं असेल. ही रक्कम लहान नाही आणि मी ती लहान करून सांगितली नाही. दुसऱ्या बाजूला, २०२७ च्या जूनपर्यंत बँकेचा ९,६२१ आणि पतपेढीचा ६,५२५, दोन्ही हप्ते संपतात. तेव्हापासून जुन्या सहा हजारांऐवजी बारा टाकले तर त्या वरच्या सहा हजारांचेच २०३८ पर्यंत पावणेतेरा लाखांच्या आसपास होतात. यातला "टाकले तर" दादाच्या हातात आहे, माझ्या गणितात नाही. मोकळा झालेला हप्ता कुठे जातो हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. बहुतेक वेळा दारात नवी गाडी येते.

एक गोष्ट कोणी जाणकार विचारेल म्हणून सांगते. सुटलेले सहा हजार साडेनऊच्या पॉलिसी कर्जाला का, साडेपंधराच्या बँकेला का नाही? दराने बँकच आधी यायला हवी. पण ती बँक अंशतः परतफेड वर्षातून एकदाच घेते, तीही मोठ्या रकमेची आणि वर तीन टक्के लावून. पॉलिसीचं कर्ज पाचशे रुपयेसुद्धा घेतं, शुल्क नाही. सहा हजार बारा महिने खात्यात साठवत बसायचं म्हटलं तर या घरात ते साठणार नाहीत, हे वहिनी आणि मी दोघींनाही ठाऊक होतं.

एप्रिल, मे, जून पैसे ठरल्याप्रमाणे गेले. मेमधलं सहामाही व्याज ४,६७० त्यातूनच भरलं. जुलैत काका न्हाणीघरात घसरले. मनगट मोडलं, सगळ्यात जवळचा दवाखाना यादीत नव्हता, २२ हजार लागले. रात्री आठला वहिनींनी मला फोन केला तो सल्ल्यासाठी नव्हता, सांगायला होता: "चाळीसमधले काढले. कार्ड घरीच होतं, पण नाही काढलं." पुढचे तीन महिने सहा हजार पॉलिसीऐवजी खात्यात गेले, बाकीची भर पगारवाढीतून पडली, आणि सप्टेंबरअखेर तिथे पुन्हा ४० झाले. माझ्या मूळ हिशेबाप्रमाणे सगळे पैसे कार्डात टाकले असते तर त्या रात्री आम्ही पुन्हा कार्डाच्या साडेतीन टक्क्यांवर आलो असतो.

२०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली. पॉलिसीच्या कर्जाची बाकी ७० हजारांच्या थोडी वर. बँकेचे वीस हप्ते, १ लाख ६९ हजार. दादाने ताटात पाकीट ठेवलं आणि लगेच मोबाइल पुढे केला. दहा दिवसांपूर्वी, १३ तारखेला, पीएफच्या विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याचे तेरा प्रकार तीनवर आणण्याचा निर्णय घेतला होता, २५ टक्के शिल्लक कायम ठेवून. कारखान्याच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरत होता. "यातून बँकेचं उडवून टाकू का? साडेपंधरा कुठे, सव्वाआठ कुठे?"

प्रश्न विचारणारा हा तोच माणूस, जो वर्षापूर्वी व्हीपीएफच्या नावानेही चिडत होता. हिशेब केला. बँकेचं उरलेलं व्याज २३,८००, त्यातून मुदतपूर्व फेडीचे सहा हजार वजा. वीस महिने तोच हप्ता इमानेइतबारे पीएफमध्ये परत टाकला तर पाच-सहा हजारांचा फायदा. नाही टाकला तर ५८ व्या वर्षी साडेचार लाखांचं भोक. दादा आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको. अण्णांना काय सांगू." काकांना यातलं काहीच माहीत नाही, पण ते मी बोलले नाही.

त्याऐवजी त्याला एप्रिलपासून व्हीपीएफ पुन्हा सुरू करायचा आहे, दोन हजारांनी का होईना. माझं मत, पॉलिसीचं कर्ज संपेपर्यंत थांब, साडेनऊ फेडणं हे सव्वाआठ मिळवण्यापेक्षा जास्तच आहे. वहिनी या वेळी त्याच्या बाजूने आहेत. "दोन हजारांनी काय फरक पडतो, ताई? स्लिपवर ती ओळ दिसली की त्यांना बरं वाटतं." फरक वर्षाला दीड-दोनशे रुपयांचा पडतो, मी करून पाहिला.

निघताना बघितलं, स्वयंपाकघरात २०२६ चं कालनिर्णय आधीच आणून जुन्याच्या मागे अडकवलेलं होतं. वहिनींनी ते काढून मार्चचं पान दाखवलं. पंधरा तारखेभोवती पेन्सिलचं वर्तुळ, शेजारी बारीक अक्षरात "व्हीपीएफ अर्ज, २०००", आणि पुढे प्रश्नचिन्ह.